डोंबिवलीची झाडं, ठाण्याची गॅलरी : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार, डोंबिवली

मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याची बातमी आज आली, आणि आजच हे काम हातात घेतलं. आईची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. ऑक्टोबर संपायच्या आत घर रिकामं करून द्यायचं. नवी इमारत उभी राहीपर्यंत आई माझ्याकडे ठाण्याला राहील. सामानाची यादी भावाने केली आहे, झाडांची मी करते आहे.

गॅलरी आणि गच्ची मिळून एकतीस कुंड्या निघाल्या. तुळस, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा भाऊ नेणार, त्याच्याकडे ऊन आहे. सावलीत वाढणारी पानांची झाडं माझ्या वाट्याला. माझी गॅलरी नऊ फूट बाय चार, पूर्वेची, सकाळी दोन तास ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड. या झाडांना तो उजेड मानवेल, पण मोठ्या कुंड्या तिथे मावणार नाहीत. गच्चीतलं रबराचं झाड तर जिन्यातून उतरणारच नाही. निळं पिंप अर्धं कापून त्यात ते लावलं होतं. आता नऊ-दहा फूट झालंय, आणि पिंपाच्या बुडातून निघालेली मुळं गच्चीच्या कोब्यात शिरलीत.

म्हणून ठरवलं, प्रत्येक झाडाची छाट घ्यायची, ती रुजवायची आणि रुजलेलं रोप ठाण्याला न्यायचं. यादी अशी : मनी प्लांट, रबर, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट, झेडझेड आणि रेक्स बिगोनिया. हातात साडेचार महिने आहेत. मृग लागलाय, हवा दमट आहे, रात्रीसुद्धा गारवा नाही. छाट रुजायला वर्षातले हेच दिवस चांगले.

१५ जून, शनिवार

मनी प्लांटपासून सुरुवात केली, कारण हा सगळ्यात जुना. आई-बाबा १९८६ साली गिरगावच्या चाळीतून डोंबिवलीला आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी मुरंब्याच्या बरणीत याचे दोन तुकडे दिले होते. आई ती बरणी मांडीवर धरून लोकलने आली. "मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो म्हणतात," ती म्हणाली, "हा मी मागून आणलाय. अडतीस वर्षं झाली, लागलाच ना?"

वेल आता गॅलरीच्या गजांना दोन वेढे घालून परत स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलाय. खालचा निम्मा भाग पानं झडून उघडा पडला आहे. दिसायला वाळक्या दोरीसारखा असला तरी तो जिवंत आहे, नखाने खरवडलं की आत हिरवं दिसतं.

छाट घेताना सगळं लक्ष पेराकडे हवं. पान जिथे दांड्याला चिकटतं ती जाडसर गाठ म्हणजे पेर. तिथे बोट फिरवलं की देठाच्या विरुद्ध बाजूला एक तपकिरी, खरखरीत बोंड लागतं. तेच हवाई मूळ, पाणी मिळण्याची वाट बघत थांबलेलं. देठाच्या बगलेत, आत दडलेला, तांदळाच्या कणीएवढा डोळा असतो, नवा कोंब त्यातून निघतो. मूळ आणि डोळा दोन्ही पेराशीच. त्यामुळे छाटीत एक तरी पेर पाहिजे, आणि काप पेराच्या खाली बोटभर अंतर सोडून घ्यायचा.

नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्यालाही पुष्कळदा मुळं येतात, पण वेल कधीच होत नाही, कारण डोळा मागे राहिलेला असतो. आईला हे पटलं नाही. तिने एक पान वेगळ्या बाटलीत ठेवलं आहे. राहू दे, बघू.

आज चोवीस छाटी घेतल्या. दर तीन-चार कापांनंतर कात्री स्पिरिटने पुसली. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं होतं, क्लोरीन उडून जावं म्हणून. अठरा छाटी पाण्यात, सहा थेट मातीत. उघड्या दोरीचे हातभर तुकडे ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये आडवे घातलेत.

आईने भिंतीवरच्या कालनिर्णयावर आजच्या चौकोनात लिहिलं : "मनी प्लांट २४ + पान १".

२३ जून, रविवार

दोन कामं झाली. आधी डिफेनबेकिया. चार फुटांचा सरळसोट दांडा आणि टोकाला छत्रीसारखी पानं. शेंडा कापून वेगळा लावला. उरलेल्या दांड्याचे चार-चार बोटांचे तुकडे केले, प्रत्येकात दोन पेरं. कापलेली टोकं दिवसभर सुकवली आणि संध्याकाळी तुकडे वाळूत निम्मे बुडतील असे आडवे ठेवले. डोळा वरच्या बाजूला येईल याची काळजी घेतली.

याच्या चिकाने हात खाजतात. चुकून तोंडात गेला तर जीभ सुजते, लहान मुलांपासून हे झाड लांबच ठेवावं. पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. आपल्या अळूची खाज ती हीच. किंबहुना मनी प्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, झेडझेड ही सगळी अळूच्याच कुळातली. आईने अळू चिरताना लावते तसं खोबरेल दोन्ही हातांना चोळून दिलं. मी वरून हातमोजेही घातले.

दुसरं काम रबराची गुटी. झाड हलत नाही तर मुळं फांदीवरच आणायची आणि मग फांदी कापून न्यायची, असा विचार. अंगठ्याएवढी जाड फांदी निवडली, शेंड्यापासून हातभर खाली. तिथली पानं काढली, सालीचं दोन बोटं रुंदीचं वळं काढलं. पांढरा चीक भळाभळा वाहिला. तो कपड्यावर सुकला की निघत नाही, जुना गाऊन घालून गेले ते बरं झालं. ओलं मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ, पिळून भोवती लावलं, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं आणि दोन्ही टोकं सुतळीने बांधली. दोन गुट्या बांधल्या.

२९ जून, शनिवार

मनी प्लांटच्या अठरापैकी पंधरा छाटींना मुळं! पेरावरचं तपकिरी बोंड फुटून पांढरी, टोकाशी किंचित पिवळसर मुळं बोटाच्या पेराएवढी लांब झाली आहेत. चौदा दिवसांत. जानेवारीत हेच केलं तर दुप्पट दिवस लागतात, मी ठाण्यात पाहिलंय.

ज्या तीन मागे आहेत त्या कोवळ्या शेंड्याच्या आहेत. ना फार कोवळी, ना फार जून, मधल्या वेलाची छाट सगळ्यात लवकर धरते असं दिसतंय. आईच्या पानाला अजून काही नाही.

७ जुलै, रविवार

कोकोपीटमुळे आठवडा वाया गेला. पाच किलोची वीट भिजवली आणि घाईने तसंच कुंड्यांत भरलं. मातीतल्या सहा मनी प्लांटपैकी चार त्यात हलवले होते, त्यांच्या पानांचे काठ करपले. नारळाच्या काथ्याच्या भुशात खार असतो, नीट न धुतलेला आला तर कोवळी मुळं जळतात. दुकानदाराला विचारलं तर माल धुतलेलाच आहे म्हणाला. आता घरी बादलीत तीनदा पाणी बदलून धुतलं. पहिलं पाणी चहासारखं लालभडक, तिसरं फिकट. यापुढे विकत आणलेलं कोकोपीट न धुता वापरणार नाही.

माझं आताचं मिश्रण : एक भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाडी वाळू, वर मूठभर कोळशाचे बारीक तुकडे. खत नाही. मुळं नसलेल्या छाटीला खताचा काही उपयोग नाही, उलट ओल धरून कूज वाढते. महिन्याने गांडूळखत घालू.

आज स्नेक प्लांट, झेडझेड आणि बिगोनिया लावले.

स्नेक प्लांटची दोन लांब पानं कापून चार-चार बोटांचे आठ तुकडे केले. या तुकड्याचं खालचं टोक खालीच राहायला हवं. वाढीचं संप्रेरक पानात वरून खाली वाहतं आणि खालच्या टोकाशी साचून तिथे मुळं काढतं. उलटा रोवला तर तुकडा महिनोन्महिने हिरवा उभा राहतो आणि मग कुजतो. म्हणून कापतानाच प्रत्येकाच्या खालच्या टोकाला व्ही आकाराची खाच घेतली. मात्र एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेवली. पानाच्या तुकड्यातून येणारं रोप साधं हिरवं निघेल, पिवळा काठ येणार नाही. तो काठ झाडाच्या वेगळ्या पेशींच्या थराचा असतो आणि पानातून नवा कोंब तयार होताना तो थर मागे राहतो. काठ हवा असेल तर कंद फोडून पिल्लू वेगळं करणं हाच उपाय. तेही केलं, दोन पिल्लं मुळांसकट मिळाली.

झेडझेडची बारा पानं देठाशी अलगद खुडून वाळूत रोवली. हे झाड पूर्व आफ्रिकेचं, कोरड्या काळासाठी कंदात पाणी साठवून ठेवणारं. पानसुद्धा आधी कंद करतं, मग मुळं, आणि कोंब काढायला महिनोन्महिने घेतं. अशा झाडाला घाई करून चालत नाही.

बिगोनियाचं एक मोठं पान उलटं धरून मुख्य शिरांना पाच ठिकाणी ब्लेडने छेद दिले. मग ते सुलटं करून ओल्या मिश्रणावर पसरलं आणि दाबून राहावं म्हणून वर चार खडे ठेवले. वरून मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घातला.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

सुट्टी होती म्हणून सकाळीच डोंबिवलीला गेले. आईने उपासाचे वरीचे तांदूळ वाढले आणि म्हणाली, "तुझ्या त्या मोठ्या पानाला वास येतोय."

मॉन्स्टेरा सडला. ३० जूनला घेतलेल्या तीन छाटींपैकी दोन. पाणी गढूळ, दांडा बोटाने दाबला तर आत जातो, आणि वास अगदी नासलेल्या बटाट्याचा. हे जिवाणूंचं काम. माझं चुकलं असं, की ताजा काप तसाच पाण्यात बुडवला आणि एका बरणीत तीन छाटी कोंबल्या. एकीची कूज दुसरीला लागली.

एक छाट पूर्ण गेली. दुसरीचा दांडा चकत्या पाडत वर वर कापत गेले. तपकिरी चकती, परत तपकिरी, मग पिवळट, आणि चौथी स्वच्छ हिरवट-पांढरी. तिथे थांबले. पेर अजून शाबूत आहे, वरचा हातभर हवाई मुळाचा तुकडाही. काप दिवसभर सावलीत सुकवून ओल्या मॉसमध्ये ठेवला. तिसरी ठणठणीत आहे, तिला वेगळी बरणी दिली. मॉन्स्टेराचा दांडा जाड आणि रसाळ, त्याचा काप सुकू देणं भाग आहे. मनी प्लांटला हे नाही केलं तरी चालतं.

२५ जुलै, गुरुवार

प्रचंड पाऊस, लोकल रखडलेल्या. आईने फोनवरून कळवलं की गच्चीतल्या गुट्या जागेवर आहेत आणि ट्रे तिने घरात घेतलेत. पानाला (तिच्या) एक मूळ आलंय.

३ ऑगस्ट, शनिवार

पालिकेच्या आरोग्य सेविका घरोघरी डास बघत आल्या होत्या. आईच्या ओट्यावरच्या एकोणीस बाटल्या बघून त्यांनी प्रत्येकीत टॉर्च मारला. अळ्या नव्हत्या, कारण आई दर चौथ्या दिवशी पाणी बदलते आणि कालनिर्णयावर टिंब करते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाण्यात मनी प्लांट ठेवणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून एकदा तरी पाणी पूर्ण बदलून बाटली आतून घासावी, मुळांनाही ताजा प्राणवायू मिळतो.

मुळं दोन बोटं झालेल्या अकरा छाटी आज मातीत लावल्या. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, माती दाबायची नाही, नुसती सोडायची. पहिले आठ-दहा दिवस माती नेहमीपेक्षा ओलसर ठेवायची, मग हळूहळू सवय लावायची. बाटलीत फार दिवस राहू दिलं तर मुळं पाण्यालाच सरावतात आणि मातीत गेल्यावर तग धरत नाहीत.

संध्याकाळी आईला या वेलाविषयी सांगत होते. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातला, ताहितीजवळच्या मोओरेआ बेटाचा. त्याला फुलंच येत नाहीत म्हटलं तरी चालेल. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ सालची सांगतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कारण सापडलं. फुलण्यासाठी लागणारं जिब्रेलिन हे संप्रेरक तयार करणारं एक जनुक या वेलात नीट काम करत नाही. फूल नाही म्हणजे बी नाही, बी नाही म्हणजे नवी पिढी नाही. मग जगभर हा पसरला कसा? फक्त छाटींनी. एका घरातून दुसऱ्या घरात, बाटलीतून बाटलीत.

आई थोडा वेळ वेलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे गिरगावच्या काकूंचा वेल आणि हा, दोन नाहीतच."

हो, नाहीतच. छाट म्हणजे झाडाचं मूल नव्हे, तेच झाड. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, काकू जाऊन वीस वर्षं झाली, आणि त्यांच्या खिडकीतला वेल आज माझ्या हातात आहे. त्या वेलासारखा नाही, तोच. हे काम मी जागेच्या अडचणीपायी सुरू केलं होतं. आता ते मला वेगळंच महत्त्वाचं वाटू लागलंय. एकही झाड मागे राहता कामा नये.

१८ ऑगस्ट, रविवार

रबराच्या गुट्या फोल. आठ आठवडे झाले, बाहेरून एकही मूळ दिसेना म्हणून सोडल्या. मॉस छान ओलं, फांदी हिरवी, पण मुळं नाहीत. जिथे साल काढली होती तिथे खडबडीत, भुरकट गाठी आल्या आहेत, आणि दोन ठिकाणी त्या वरच्या सालीपासून खालच्या सालीपर्यंत पुलासारख्या जुळल्या आहेत. वाईट वाटलं. बाकी सगळ्यांना पर्याय आहे, रबराला नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल राखीसाठी सांगोल्याहून मामा आले. त्यांची डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. चाळीस वर्षांत त्यांनी किती गुट्या बांधल्या असतील याचा त्यांना स्वतःलाही हिशेब नाही. मी आज रजा टाकली आणि त्यांना गच्चीत नेलं.

फांदीवरच्या गाठींवरून त्यांनी अंगठा फिरवला. "साल काढलीस ती बराबर. पण सालीखालचा बुळबुळीत थर ऱ्हायला की पोरी. झाडानं त्यातनं जखम सांधून घेतली. आता ते मुळं कशाला काढंल? त्याची वाट चालू झाली."

मग त्यांनी समजावलं. मुळांनी घेतलेलं पाणी आतल्या लाकडातून वर जातं, ते चालूच राहतं, म्हणून फांदी वाळत नाही. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली येतं. साल पुरती तोडली की ते अन्न आणि त्याबरोबरचं संप्रेरक वरच्या काठाशी अडतं, आणि मुळं त्या काठातूनच फुटतात. सालीचा एवढासा धागा जरी जुळलेला राहिला तरी सगळं खाली निघून जातं.

त्यांनी तीन नव्या फांद्या निवडल्या. चाकूने दोन गोल काप, मध्ये दोन बोटं अंतर, एक उभा चीर, आणि साल बांगडीसारखी अख्खी सुटून हातात आली. चीक थांबेपर्यंत फडकं धरून ठेवलं. नंतर जे केलं ते मी केलंच नव्हतं. चाकूची पाती आडवी, जवळजवळ सपाट धरून लाकूड सगळीकडून खरवडलं. पहिल्यांदा बोट लावलं तेव्हा ते गुळगुळीत आणि ओशट लागत होतं, साबणाच्या वडीसारखं. खरवडता खरवडता खरखरीत झालं, आइस्क्रीमच्या काडीसारखं. "हां, आता हात लाव. असं लागाया पायजे," मामा म्हणाले.

मुळं फुटण्याची पावडर त्यांनी फक्त वरच्या काठाला, बोटाने चोपडली. मॉस मुठीत दाबून दोन थेंब गळतील इतकंच ओलं. वरची गाठ पावसाचं पाणी आत शिरणार नाही इतकी घट्ट. सगळ्यात शेवटी वर्तमानपत्र गुंडाळलं, कारण मुळांना अंधार लागतो.

रबराचं झाड मूळचं आपल्याकडचं, ईशान्य भारतातलं. मेघालयात खासी आणि जैंतिया लोक याच्याच हवाई मुळांना ओढ्यापलीकडे वळवून जिवंत पूल करतात. मामांना हे सांगितलं तर ते झाडाकडे नीट बघून म्हणाले, "मग हे मुळं देनारच. त्याच्या रगतातच हाय ते."

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

डोंबिवलीच्या या घरातला हा शेवटचा गणपती. आरास आईने झाडांचीच केली. मखराच्या दोन्ही बाजूंना मनी प्लांटच्या बाटल्या, मागे डिफेनबेकियाचा शेंडा.

बिगोनियाच्या पाचपैकी तीन छेदांशी रोपं आलीत. तुरीच्या डाळीएवढी पानं, पण त्यावर रुपेरी पट्टा आणि लालसर काठ आत्ताच दिसतो. डिफेनबेकियाच्या सहापैकी पाच तुकड्यांना कोंब. सडता सडता वाचलेल्या मॉन्स्टेराला नवं पान येतंय, गुंडाळीतून टोक बाहेर आहे.

दर्शनाला आलेल्या सगळ्या शेजाऱ्यांनी विचारलं, आम्हाला एक द्याल का?

२९ सप्टेंबर, रविवार

गुटीला मुळं आली! वर्तमानपत्र सोडलं आणि प्लास्टिकला आतून चिकटलेली मुळं दिसली. पांढरी, काही गुलाबी टोकांची, एकमेकांत गुंतलेली. तिन्हींना. चाळीस दिवस. लगेच फोटो काढून मामांना पाठवला. त्यांचा फोन आला : "अजून आठ दिस थांब. पांढरी तांबूस होऊ दे."

आईने खालच्या मजल्यावरच्या वहिनींना गच्चीत बोलावून दाखवलं.

६ ऑक्टोबर, रविवार

तिन्ही गुट्या उतरवल्या. मॉसच्या खाली आरीने काप, प्लास्टिक काढलं, मॉस मात्र तसंच ठेवलं, ते ओढायला गेलं तर मुळं तुटतात. प्रत्येक फांदीची निम्मी पानं कमी केली, कारण एवढ्याशा मुळांना सगळ्या पानांचं पाणी पुरवता येणार नाही. आठ इंची कुंड्या, काठीचा आधार, जिन्याजवळच्या सावलीत. ऑक्टोबरचं ऊन पडतंय, म्हणून दोन दिवस ओलं फडकं शेजारी टांगून ठेवायला आईला सांगितलं.

कापल्या जागेतून मूळ झाडाचा चीक बराच वेळ ठिबकत होता. आईने राख लावली.

२० ऑक्टोबर, रविवार

घर सोडलं. सामानाचा टेम्पो भावाबरोबर गेला, झाडं माझ्या गाडीत. मागच्या सीटवर फळांचे खोके, खोक्यांत कुंड्या, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. रबर पुढच्या सीटवर, आईच्या पायाशी.

निघण्याआधी आईने इमारतीतल्या सगळ्यांना खाली बोलावलं. बारा बिऱ्हाडांपैकी नऊ अजून होती. मनी प्लांटच्या नऊ बाटल्या आणि उरलेल्या तिघांसाठी तीन, ज्या त्यांच्या नव्या पत्त्यावर भाऊ पोचवणार. प्रत्येक बाटलीला तिने चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं होतं, आणि खाली "पाणी दर ४ दिवसांनी". कुणी बदलापूरला चाललंय, कुणी विरारला, एक कुटुंब मुलाकडे नाशिकला. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी बाटली हातात घेतली आणि आईला विचारलं, "हा तुमचा गिरगावचाच ना?"

आई म्हणाली, "तोच."

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

मामा ठाण्याला आले. तीनपैकी दोन रबर छान तगलेत, तिसऱ्याने पानं टाकली पण दांडा हिरवा आहे. जाताना मामांनी चांगल्यातलं एक मागून घेतलं. सांगोल्याचं ऊन कडक, म्हणून विहिरीजवळ चिंचेच्या सावलीत लावणार आहेत. बसमध्ये वारा लागू नये म्हणून पानांना आईचं जुनं पातळ गुंडाळून दिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार, ठाणे

गॅलरीत आता सव्वीस कुंड्या आणि सहा बाटल्या. माझ्याकडे राहिलेल्या रबराचं तांबडं आवरण काल गळून पडलं आणि आत गुंडाळलेलं नवं पान उलगडलं, ठाण्यातलं पहिलं. आईने ते आवरण उचलून पोथीत ठेवलं.

स्नेक प्लांटच्या तुकड्यांपैकी एकाशेजारी मातीतून टोक वर आलंय. काठ नाही, साधं हिरवं. पिल्लांचा काठ मात्र पिवळाधमक आहे.

आईचं ते एकटं पान पाच महिन्यांनीही ताजं आहे, मुळांचा झुबका बाटलीभर झालाय, कोंब नाही. तिला आता कारण ठाऊक आहे, तरी पाणी बदलायचं ती चुकवत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, सगळ्यात जास्त उजेडाची जागा तिने त्यालाच दिली आहे.

रात्री गारवा सुरू झालाय, म्हणून पाणी निम्म्यावर आणलं आणि नव्या छाटी बंद. झेडझेडच्या बारा पानांपैकी सहा पिवळी पडून गेली, सहा आहेत. त्यातलं एक काडीने अलगद उकरून पाहिलं. देठाच्या टोकाशी हरभऱ्याएवढा पांढरट कंद, त्याला दोन मुळं, वर काही नाही. परत तसंच झाकलं. आईने पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आजच भिंतीला लावून मार्चच्या पहिल्या रविवारी लिहून ठेवलं : "सहा पाने बघणे".